रिपीटर एकदा उघडला की पडतच नाही, आत गाण्यांचे तुकडे वाजतात. एफएमवाल्यांकडे तक्रार करावी का?

तुम्ही लिहिलंय की सड्यावरच्या सामायिक टॉवरवर तुमचा व्हीएचएफ रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलून लांब पोचवणारा संच) आहे आणि शेजारी दोन एफएम ट्रान्समीटर. दुपारी खारा वारा सुटला की रिपीटर बहिरा होतो, लांबचे क्षीण सिग्नल त्याला ऐकू येत नाहीत. कुणी बोलून पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) सोडला तरी टायमर संपेपर्यंत तो गाणी वाजवत लटकून राहतो. एरवी मात्र गप्प असतो.

तक्रार इतक्यात करू नका. ‘एरवी गप्प असतो’ हे तुमचे शब्द फार कामाचे आहेत. गाणी नुसती एफएमकडून शिरत असती, तर कुणी बोलो न बोलो, ती आलीच असती. इथे तुमचा स्वतःचा ट्रान्समीटर चालू झाल्यावरच ती येतात, म्हणजे लहरींच्या या सरमिसळीत तोही एक भागीदार आहे.

लहरी अशा मिसळल्या की त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. हिशेब करून बघा. समजा रिपीटर १४५.६ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि १४५.० वर ऐकतो. दोन एफएम १००.० आणि १००.६ वर आहेत. १४५.६ अधिक १००.० वजा १००.६ म्हणजे बरोबर १४५.०, तुमचा इनपुट! आकडे मी सोयीचे घेतलेत, तुमच्या टॉवरवरचे सगळे आकडे कागदावर मांडून अशी बेरीज-वजाबाकी करा. टोन (आवाजासोबत जाणारा खुणेचा सूर, तो असला तरच रिपीटर उघडतो) लावलात तर रिपीटर उगाच लटकणार नाही, पण बहिरेपणा तसाच राहील.

आता ही सरमिसळ होते कुठे, ते शोधायचं. लोखंडाचा गंजलेला सांधा डायोडसारखा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागतो आणि लहरी मिसळतो, आणि आपल्या किनाऱ्यावर गंजाला काय तोटा! आम्ही रत्नागिरीकडच्या एका सड्यावर दोन महिने डुप्लेक्सरच (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) उघडत बसलो होतो. शेवटी एकाने हेडफोन लावून रिसिव्हर ऐकायचा आणि दुसऱ्याने कोरड्या चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठीने टॉवरचा एकेक सांधा ठोकायचा, असं ठरलं. कधीकाळच्या टीव्ही अँटेनाचा एक क्लॅम्प वर तसाच राहिला होता. त्याला काठी लागली आणि कानात ‘खर्रर्र’ झालं. पुन्हा ठोकला, पुन्हा तेच. खाली उतरवला तर बोल्टाभोवती गंजाचे पापुद्रे आणि त्यावर मिठाची पांढरी साय. तो निघाला आणि त्याच संध्याकाळी लांबचे हँडसेट परत ऐकू यायला लागले. त्या संध्याकाळचा आनंद मी विसरलेलो नाही. काठी मात्र जमिनीवरून किंवा पट्टा बांधूनच चालवा, आणि वर चढायचं असेल तर सगळ्यांचे ट्रान्समीटर बंद करून घ्या.

पण काठी हातात घेण्याआधी एक चाचणी कराच. डुप्लेक्सरच्या अँटेना टोकाला डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, लहरी बाहेर न सोडणारा भार) लावा आणि मध्ये आयसोलेटेड टी (चाचणीचा सिग्नल हलकेच आत सोडणारा जोड) घालून सिग्नल जनरेटरचा जेमतेम ऐकू येईल इतका सिग्नल द्या. ट्रान्समीटर चालू केल्यावर तो बुडाला, तर दोष रिपीटरच्या कपाटात आहे: डुप्लेक्सर ठरल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकलाय किंवा जोडकेबल गळतेय. डमी लोडवर सगळं स्वच्छ आणि अँटेना जोडताच बहिरा, तर दोष बाहेर, केबलपासून टॉवरपर्यंत कुठेतरी. केबलही तपासा. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर कथील चढवलेल्या तांब्याची जाळी असलेली केबल साध्या सेटला उत्तम, पण एकाच केबलवर बोलायचं आणि ऐकायचंही असेल तर ती स्वतःच खरखर निर्माण करते. रिपीटरला सलग तांब्याच्या नळीची कडक केबल, म्हणजे हार्डलाइन, हवी, आणि कपाटातल्या तुकड्यांना दुहेरी जाळीची केबल.

रिसिव्हरच एफएमच्या जोराने गुदमरत असेल, तर तेही कळतं. त्याच्या तोंडाशी ३ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक मापाने कमी करणारा तुकडा; डीबी हे त्या जोराचं माप) घाला. गाणी ३ डीबीनेच उतरली तर ती बाहेरच तयार होऊन येतायत. ९ डीबीच्या आसपास उतरली तर सरमिसळ रिसिव्हरच्या पोटात आहे. मग तिथे कॅव्हिटी फिल्टर (हवी तेवढीच फ्रिक्वेन्सी आत सोडणारा डबा) बसवा, टॉवर खरवडू नका.

मार्च ते मे मध्ये आणखी एक घोळ होतो. समुद्रावर हवेचे थर असे बसतात की लांबलांबची केंद्रं इथे येऊन आदळतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर थेट अरबस्तानचा किनारा दिसला होता. त्यामुळे त्या दिवसांतल्या गाण्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नका.

काम आगोटीच्या आधी उरका. बिनकामाचं लोखंड सगळं उतरवा, तणाव्यांचे टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचे स्क्रू) बघा, बोल्ट स्टेनलेसचे घाला, कनेक्टरवर आपसूक चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. एवढं करूनही गाणी राहिली तर एफएमवाल्यांकडे जा, पण तक्रार घेऊन नको. रात्री प्रसारण संपल्यावर एकेक ट्रान्समीटर दोन मिनिटं चालू-बंद करून द्या, एवढीच विनंती करा आणि समोर बसून वहीत नोंदी घ्या. सांधा त्यांच्या मास्टवर निघाला तरी ती वही बघून ते स्वतःच पाना घेऊन येतात, असा माझा अनुभव आहे.