नळीला कोणता पेलेट मानवतो?

प्रश्न : 10 मीटर एअर पिस्तूलमध्ये माझे गुण 600 पैकी 560 च्या आसपास अडकले आहेत. पेलेटच्या डब्यांवर 4.49, 4.50, 4.51 असे आकडे असतात. माझ्या पिस्तुलाला यातला कोणता योग्य, हे कसे तपासावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तो आकडा म्हणजे पेलेटच्या (एअर पिस्तुलातल्या शिशाच्या छऱ्याच्या) डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. डोके नळीतल्या पीळदार खाचांमधल्या उंचवट्यांवर टेकते, मागचा पातळ घेर हवा अडवतो. डोके लहान पडले तर पेलेट नळीत किंचित तिरका राहतो आणि बाहेर पडल्यावर डगमगतो. फार मोठे असेल तर घर्षण वाढते, वेग घटतो. व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या जबड्यांच्या पट्टीने) मोजण्याच्या फंदात पडू नका. शिसे मऊ, जबड्यात दबते, आणि शतांश मिलिमीटरचा फरक तिथेच हरवतो. निकाल कागदावरच लागतो.

पिस्तूल रेंजवरच्या पक्क्या व्हाइसमध्ये (शिकंज्यात) लाकडी किंवा रबरी पट्ट्या लावून बसवा. पकड फ्रेमवर हवी. हवेच्या सिलिंडरवर तर कधीच नको. मूठ धरून आवळली तर ती दबते आणि प्रत्येक शॉटला पिस्तूल थोडे सरकते. सिलिंडर 200 बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरा आणि चाचणीत दाब 100 च्या खाली जाऊ देऊ नका. डबा बदलला की पहिले 5 ते 10 पेलेट मोजणीत धरू नका, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग प्रत्येक डब्याचे 5-5 शॉटचे पाच ग्रुप (एकाच जागी मारलेल्या शॉटच्या छिद्रांचे पुंजके) घ्या, पण सलग नाही. आधी 4.49, 4.50, 4.51 आणि पुढच्या फेरीत उलट क्रम, म्हणजे दाब-तापमानातला बदल एकाच डब्याच्या माथी येत नाही. घेर चेपलेला पेलेट बाजूला टाका.

ग्रुपच्या बाहेरच्या कडांमधले सर्वांत मोठे अंतर मोजून त्यातून 4.5 वजा केले की केंद्रापासून केंद्रापर्यंतचे अंतर मिळते. पाचही ग्रुपची सरासरी बघा. एकच सुंदर ग्रुप दाखवून डबा विकत घ्यायला लावणारे बरेच भेटतात. पाच शॉटचा एक ग्रुप निव्वळ योगायोगानेही छान येतो.

आता 560 बद्दल. दहाचे वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचे आहे आणि पेलेटची कड रेषेला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचे केंद्र मध्यापासून 8 मिमीपर्यंत चालते. व्हाइसमधून 2 मिमीचा ग्रुप देणारा आणि 3 मिमीचा देणारा डबा, यांतला फरक तुमच्या 40 गुणांचा हिशेब देऊ शकत नाही. ते बहुतेक ट्रिगर आणि मनगटाकडे जातात. दशांशाने गुण मोजल्या जाणाऱ्या फायनलमध्ये मात्र प्रत्येक 0.8 मिमीला 0.1 जातो, तिथे डबा निवडण्याला अर्थ आहे.

प्रश्न : क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेगात 3 मीटर प्रतिसेकंदाचा फरक दिसतो. चिंता करावी का?

उत्तर : नाही. 150 मीटर प्रतिसेकंद वेगाने 10 मीटरवर पेलेट सुमारे 22 मिमी खाली येतो. वेग 3 ने बदलला तर हा आकडा 1 मिमीपेक्षाही कमी हलतो. फरक रोज वाढत चालला असेल, तर मात्र रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा सील तपासून घ्या.

प्रश्न : .22 च्या 25 मीटर पिस्तूलसाठीही अशीच चाचणी करावी का?

उत्तर : करा, पण गोळ्यांचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) लिहून ठेवा, त्याच ब्रँडचा दुसरा लॉट वेगळा वागू शकतो. गोळी बदलल्यावर नळीत नव्या वंगणाचा थर बसेपर्यंत 10-20 शॉट जाऊ द्या. प्रिसिजनच्या (सावकाश नेम धरून मारण्याच्या टप्प्याच्या) टार्गेटवर दहाचे वर्तुळ 50 मिमीचे असल्याने ग्रुप सहसा आड येत नाही. आड येते ते पिस्तुलात गोळी अडकणे. ग्रुप थोडा मोठा पण पूर्ण खोक्यात एकदाही न अडकणारा लॉट घ्या. चेंबरमध्ये मेण साचले की गोळी पूर्ण आत बसत नाही आणि दोष उगाच दारूगोळ्याला लागतो, म्हणून चाचणीआधी चेंबर ब्रशने साफ करा.