दिल्लीची सहल हप्त्यांवर, की भंडारदऱ्याचं शिबिर?

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो. मिस्टर खासगी कंपनीत आहेत, मी घरी शिकवण्या घेते. दोघांचे मिळून महिन्याला ६०,००० रुपये हातात येतात. घरकर्जाचा हप्ता १७,५००, म्युच्युअल फंडातली एसआयपी ४,००० आणि अडीअडचणीसाठी ७०,००० ची एफडी आहे. सगळा खर्च जाऊन महिन्याला साडेतीन हजार उरतात. मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. शाळेने डिसेंबरसाठी दोन सहली काढल्या आहेत. एक दिल्ली-आग्रा-जयपूर, सात दिवस, २९,५०० रुपये. एकरकमी भरले तर २८,०००, नाहीतर एका ॲपवरून सहा 'बिनव्याजी' हप्ते. दुसरी भंडारदऱ्याला दोन रात्रींचं निवासी शिबिर, ५,४०० रुपये. मुलाला दिल्लीच हवी आहे. एसआयपी सहा महिने थांबवून पाठवू का?

उत्तर: नमस्कार ताई. यंदा भंडारदरा. दिल्ली पुढच्या वर्षी, रोख पैशांनी. आता कारणं.

आधी त्या 'बिनव्याजी' हप्त्यांचं बघू. रोख भरणाऱ्याला दीड हजार सूट आहे, म्हणजे सहलीची खरी किंमत २८,००० आणि वरचे दीड हजार हे व्याजच. तुम्ही पाठवलेल्या पत्रकात तळाशी बारीक अक्षरात ५९९ रुपये प्रक्रिया शुल्कही आहे. ते आधीच कापतात. हे सगळं सहा महिन्यांच्या कर्जावर बसवलं तर दर वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या घरात जातो. तुमच्या घरकर्जाचा दर आठवा आणि शेजारी ठेवून बघा. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. त्यानंतर जाहिरातीतले शब्द तेवढे बदलले.

शिवाय हप्ता येतो ४,९१७ रुपये आणि तुमच्याकडे उरतात साडेतीन हजार. दर महिन्याला चौदाशेची तूट कुठून भरणार? बहुधा क्रेडिट कार्डावरून, आणि तिथून मग गाडी घसरते.

एसआयपी थांबवण्याबद्दल मी इतर सल्लागारांइतका कडक नाही. मुलाच्या आनंदासाठी सहा महिने ती थांबली, तर म्हातारपण उघड्यावर पडत नाही. हप्ते की एसआयपी थांबवणं, एवढाच पर्याय असता तर मी एसआयपी थांबवा म्हटलं असतं. अडचण वेगळीच आहे. सहलीचे २८,००० म्हणजे सगळा खर्च नव्हे. नाशिकच्या थंडीतलं स्वेटर दिल्लीच्या डिसेंबरात पुरत नाही. जाड जॅकेट, बूट, बॅग, हातखर्च धरून पस्तीस हजारांच्या आत हे आटपत नाही. म्हणजे तुमची दहा महिन्यांची शिल्लक. आणि तुमची एफडी घरखर्चाच्या दीड महिन्यालासुद्धा पुरत नाही. मला खरी काळजी तिची वाटते. तिला हात लावायचा नाही, आणि उरलेल्या पैशांतून आधी तीच वाढायला हवी.

भंडारदरा म्हणजे मन मारून घेतलेली सहल, असं मुलाला वाटू देऊ नका. दोन-अडीच तासांचा प्रवास, समोर कळसूबाई, इंग्रजांच्या काळातलं विल्सन धरण, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. तुम्हीच लिहिलंय की वर्गातल्या चोपन्नपैकी एकोणीस जणांनी दिल्लीला नावं दिलीत. म्हणजे पस्तीस मुलं दिल्लीला जाणार नाहीत. मुलाला दिल्ली हवी आहे की दिल्लीला जाणारे ठरावीक दोन मित्र, एवढं एकदा शांतपणे विचारून बघा. तेरा वर्षांच्या मुलाला यातलं बरंच कळतं. घरातला हिशेबही त्याच्यासमोर मांडायला हरकत नाही.

शिबिराच्या ५,४०० मध्येही थोडं कमी होऊ शकतं. शाळेने खासगी बस ठरवली असेल तर पालक सभेत एसटीचा विषय काढा. शालेय सहलींना एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. मुलांना धरणाच्या पाण्यात उतरवणार नाही, हे मात्र लेखी घ्या. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले होते. पैशांच्या सल्ल्यात हे कशाला, असं वाटेल, पण स्वस्तातली सहल निवडताना पहिली काटकसर बहुतेक वेळा सोबतच्या माणसांवरच होते. किती मुलांमागे एक शिक्षक आहे, तेही विचारा.

आता पुढच्या वर्षीची दिल्ली. बँकेत महिन्याला २,००० ची आरडी, म्हणजे आवर्ती ठेव, वर्षभरासाठी उघडा. पोस्टाची नको, ती पाच वर्षांची असते. उरलेले दीड हजार एफडीच्या जोडीला टाका; शिबिराचे पैसे या एक-दोन महिन्यांच्या शिलकीतून जातील, तेवढी आरडी उशिरा सुरू करा. वर्षाने आरडीचे २४,००० आणि वर थोडं व्याज मिळेल. मिस्टरांचा दिवाळी बोनस बारा हजारांचा असतो, तो यात मिळवला की नववीतली सहल कपड्यांसकट रोखीत होते.

तेव्हा पत्रक नीट वाचा. यंदाच्या पत्रकात 'स्मारकांचे प्रवेश शुल्क' म्हणून ६५० रुपये लावलेत. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. ताजमहाल, लाल किल्ला, कुतुबमिनार सगळे त्यात आले. मग हे ६५० कशाचे, हे विचारायला लाजू नका. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, तेव्हा आग्र्याचा वार तपासा. उत्तरेत डिसेंबरच्या शेवटी धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. एखादी रात्र जास्त राहावं लागलं तर खर्च कोणाचा, हे पत्रकात नसेल तर तेही लिहून मागा.

मुलीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. तीन वर्षांनी ती आठवीत येईल. मुलावर पस्तीस हजार खर्च झाले आणि तिच्या वेळी 'एवढ्या लांब कशाला' म्हणून विषय मिटला, असं मी बऱ्याच घरांत पाहतो. मुलाची आरडी संपली की त्याच दिवशी तेवढ्याच रकमेची दुसरी तिच्या नावाने सुरू करा.