साताऱ्याहून लेस्टरला जाताना घर कधी ठरवावे?

प्रश्न : साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत मी नऊ वर्षे गणित शिकवीत आहे. येत्या सप्टेंबरात इंग्लंडमधील लेस्टर येथील शाळेत रुजू व्हायचे असून व्हिसा मिळाला आहे. घर इथूनच पैसे भरून ठरवून टाकावे, असे नातेवाईक सुचवतात. तसे करावे काय? आणि किती दिवस आधी पोहोचावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इथून घर ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी परदेशी शिकवायला गेलो तेव्हा छायाचित्रे पाहून खोली घेतली होती. खोली छायाचित्रातल्यासारखीच निघाली. फक्त तिच्या खाली रात्री दोनपर्यंत चालणारे उपाहारगृह होते, ते छायाचित्रात नव्हते.

शाळा उघडण्यापूर्वी तीन आठवडे पोहोचावे, पहिले दहा-बारा दिवस तात्पुरत्या जागेत काढावेत आणि जी जागा पसंत पडेल तिथून शाळा भरण्याच्या वेळी बसने एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. मात्र ऑगस्टमध्ये तिथे शाळांना सुट्टी असल्याने रस्ते मोकळे असतात. पोवई नाक्यावर मे आणि जूनमध्ये जो फरक दिसतो, तोच तिथेही धरून लागलेल्या वेळात पंधरा-वीस मिनिटे मिळवावीत. बेलग्रेव्ह रोडच्या परिसरात भारतीय दुकानांची रांगच असल्यामुळे तिथे राहण्याचा मोह होईल, पण डाळ-तांदूळ आठवड्यातून एकदा आणायचे असतात आणि शाळेत रोज जायचे असते.

इंग्लंडमध्ये घरमालकाला भाडेकरूचा राहण्याचा हक्क तपासावा लागतो. व्हिसाची नोंद आता डिजिटल असते, म्हणून तिचे ऑनलाइन खाते निघण्यापूर्वीच उघडावे. त्यातून मिळणारा शेअर कोड, म्हणजे आपला हक्क ऑनलाइन तपासण्यासाठीचा सांकेतिक क्रमांक, मालकाला द्यावा लागतो. वार्षिक भाडे 50,000 पौंडांहून कमी असेल, तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. मालकाने ती 30 दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवून तसे आपल्याला कळवणे बंधनकारक आहे. हा कागद मागून घ्यायला संकोच करू नये. काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाचा घरावरील कर, भाड्यात धरला आहे की वेगळा भरायचा, हेही आधीच विचारावे. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल, तर अर्ज केल्यावर त्यात 25 टक्के सवलत मिळते.

बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि घर देणारा बँकेचे खाते मागतो, या फेऱ्यात बहुतेक जण अडकतात. शाळेकडून नेमणुकीचे आणि पगाराचे पत्र आधीच मागवून ठेवल्यास दोन्हीकडे उपयोग होतो. पहिला पगार बहुधा सप्टेंबरअखेरीस हाती येईल, तेव्हा अनामत, पहिले भाडे आणि दीड महिन्याचा खर्च गाठीशी असू द्यावा. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, म्हणजे पगारातून होणाऱ्या सामाजिक विम्याच्या कपातीची नोंद ठेवणारा क्रमांक, आला नाही म्हणून रुजू होणे अडत नाही. काम करण्याचा हक्क दाखवता आला की पुरते. भारतीय वाहन परवान्यावर तिथे स्थायिक झाल्यापासून 12 महिने गाडी चालवता येते.

पदवीची मूळ प्रमाणपत्रे आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला हातातल्या बॅगेतच ठेवावा. कंदी पेढे मात्र बॅगेत भरू नयेत. भारतातून दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास तिथे बंदी आहे. वाटायचे असतील ते इथल्या शिक्षककक्षातच वाटून निघावे.