भूगोल घेऊन ती करणार काय?

प्रश्न : मुलीची बारावी झाली. तिला भूगोल घेऊन आपत्ती व्यवस्थापनात जायचंय. भूकंप-पूर हे तर इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांचं काम. राजधान्या पाठ करून हिला नोकरी कोण देणार? – एक आई

उत्तर : ताई, राजधान्यांचा भूगोल शाळेतच संपला असं समजा.

२०१० सालचे दोन भूकंप घ्या. हैतीत ७.० तीव्रतेचा, दीड महिन्याने चिलीत ८.८ चा. चिलीतल्या धक्क्याची ऊर्जा जवळपास पाचशेपट, तरी तिथे साधारण सव्वापाचशे माणसं गेली, हैतीत लाखावर. हैतीचा धक्का राजधानीच्या दाट, कच्च्या बांधकामाच्या वस्तीजवळ बसला, तर चिलीत बांधकामाचे नियम कडक होते. धक्का किती मोठा, हे भूकंपशास्त्र सांगतं. तो कुणाच्या घराखाली बसला आणि ती माणसं तिथे का राहत होती, हे भूगोल विचारतो.

पण नुसता नकाशा काढून भागत नाही. कोलंबियातलं आर्मेरो हे गाव नेव्हादो देल रुइझ या ज्वालामुखीपासून बरंच लांब, नदी डोंगरातून मैदानात उतरते तिथे वसलेलं. जमीन सपाट, सुपीक. ती तशी झाली होती १८४५ सारख्या जुन्या उद्रेकांत वाहून आलेल्या चिखलामुळेच! १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या नकाशात आर्मेरो त्या चिखलाच्या वाटेवर दाखवलं होतं. १३ नोव्हेंबरच्या रात्री उद्रेकाने शिखरावरचं बर्फ वितळलं. चिखलाचा लोंढा गावात यायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. उंचावर जायला तेवढा पुरला असता. तरी लोक हलले नाहीत, आणि वीस हजारांवर माणसं गेली. नकाशा आणि माणसं यांच्यातलं हे अंतर कापणारे लोक कमी आहेत, आणि तुमच्या मुलीला मी तिथेच पाहतो.

आता रोकडं बोलतो. नुसत्या पदवीवर नोकरी मिळणं अवघड. बी.ए. की बी.एस्सी. यापेक्षा अभ्यासक्रमात जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडणं), सुदूर संवेदन (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचणं), संख्याशास्त्र आणि क्षेत्रभेटी किती, ते तपासा. (संख्याशास्त्र टाळायला भूगोल घेणारी मुलं हमखास फसतात.) पुढे विमा कंपन्या, नगररचना, मदतसंस्था, सरकारी आपत्ती विभाग अशी दारं आहेत.

प्रवेशाआधी एक करा. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रंही. ती ढगांआडूनही पाणी दाखवतात. एखाद्या नदीचं पुराआधीचं आणि पुरातलं चित्र एकावर एक ठेवून पाण्यात गेलेला भाग तिला मोजू दे. दोन आठवड्यांत कंटाळली, तर मला पुन्हा लिहा. दुसरं काही बघू.