वाचकांचे प्रश्न : शुक्रवारचा अर्धा तास चुकवू नका

फॉर्म्युला थ्री ही तरुण चालकांची मोटारशर्यतींची स्पर्धा. तिचा २०२५चा हंगाम १४ मार्चला मेलबर्नमध्ये सुरू झाला, त्या तोंडावरची ही उत्तरं. दहा फेऱ्या (म्हणजे दहा ठिकाणचे शर्यतींचे आठवडे), दहा संघ, प्रत्येक संघाच्या तीन म्हणजे एकूण तीस गाड्या. फॉर्म्युला वनमध्ये पोचायचं तर बहुतेक मुलांना या वाटेनंच जावं लागतं. गेल्या अंकातल्या टिपणात मी २०२४चा विजेता लिओनार्डो फोर्नारोली याचं कौतुक केलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

तुम्ही फोर्नारोलीचं एवढं कौतुक केलंत. २०२४च्या मोसमात हा मुलगा एकही शर्यत जिंकला नाही आणि तरी विजेता? याला विजेता कसं म्हणायचं?
– निवृत्त गणित शिक्षक, सदाशिव पेठ

सर, आयुष्यभर तुम्ही गुणपत्रिका भरल्यात. एकाही विषयात पहिला नाही पण बेरजेत पहिला, असा एखादा विद्यार्थी तुमच्या वर्गात नक्की असेल. लिओनार्डो फोर्नारोली तसा आहे. मला तर त्याचं विजेतेपद गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात कष्टाचं वाटतं.

आधी गुणांचा हिशोब. रविवारच्या मुख्य शर्यतीत पहिल्याला २५, मग १८, १५, १२ असं उतरत दहाव्याला १. शनिवारच्या छोट्या शर्यतीत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, पहिल्याला १०, दुसऱ्याला ९, असं दहाव्यापर्यंत. शुक्रवारी क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे सुटायचा क्रम ठरवणाऱ्या वेळेच्या चाचणीत, पहिला येऊन पोल घेतली की आणखी २. आता समजा एक मुलगा शनिवारी पाचवा आला आणि रविवारी तिसरा. त्याचे झाले २१. दुसऱ्यानं शनिवारी झोकात स्प्रिंट जिंकली आणि रविवारी पहिल्याच वळणावर कुणाच्या तरी चाकात चाक घातलं. त्याचे १०. फोटो दुसऱ्याचा छापून येतो, पण गुणांमध्ये पुढे पहिला असतो. तीस गाड्यांच्या गर्दीत, सतरा-अठरा वर्षांच्या पोरांमध्ये, मार्च ते सप्टेंबर गाडी शाबूत ठेवून प्रत्येक वेळी गुण घरी आणणं सोपं नाही.

आणि फोर्नारोली काही नुसता जपून चालवणारा नाही. इटलीतल्या मोंझाची २०२४ची शेवटची शर्यत मिळाली तर जरूर बघा. तो सुटला पोलवरून, पण शर्यतीत मागे पडत गेला. अखेरच्या लॅपमध्ये (ट्रॅकच्या शेवटच्या चकरेत) तो चौथा होता, पुढे ख्रिश्चन मॅन्सेल, आणि विजेतेपदासाठी झुंजणारा गाब्रिएले मिनी त्याच्याही पुढे. चौथाच राहिला असता तर त्या क्षणी विजेतेपद मिनीचं होतं. फोर्नारोलीनं त्याच लॅपमध्ये मॅन्सेलला मागे टाकलं. मिनी नंतर तपासणीत बाद झाला, पण हेल्मेटच्या आत बसलेल्या मुलाला ते कुठे ठाऊक असणार? सगळं हातातून जात असताना ब्रेक उशिरा दाबायची छाती लागते, सर.

एकही विजय नसताना नव्हे, पण थोडक्या विजयांवर विजेतेपद याआधीही मिळालंय. २०२०मध्ये ऑस्कर पियास्ट्री फॉर्म्युला थ्रीचा विजेता झाला तो दोन शर्यती जिंकून, आणि एकही पोल न घेता. दुसरा आलेला तेओ पूरशेर त्याच्यापेक्षा तीन गुणांनी मागे होता. त्या मोसमात पियास्ट्रीनं कुठे कुठे दोन-दोन, चार-चार गुण वेचले असतील याचा विचार करून बघा.

शनिवारी पहिले बारा उलटे का उभे करतात? मेहनतीनं पहिला आलेल्याला बारावा उभा करणं हा अन्याय नाही का?
– बी.कॉम.ची विद्यार्थिनी, कोथरूड

अन्याय वाटतो खरा. पण या स्पर्धेचा उद्देश मुलांना तयार करणं हा आहे. कायम पुढून सुटणारा मुलगा ओव्हरटेकिंग शिकणार कधी? म्हणून शुक्रवारच्या क्वालिफायिंगमधले पहिले बारा शनिवारी उलट क्रमानं उभे राहतात. रविवारी मात्र जो क्रम शुक्रवारी लागला तोच.

तुझ्या प्रश्नात मला त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसते ती बारा आणि तेरा या आकड्यांमधली. बारावा आलास तर शनिवारी सगळ्यांच्या पुढून सुटायचं. तेरावा आलास तर शनिवारीही तेरावा, रविवारीही तेरावा. आणि बाराव्या-तेराव्यातलं अंतर पुष्कळदा सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात मोजायचं असतं. एका वळणावर चाक जरा जास्त पांढऱ्या रेषेबाहेर गेलं, लॅप रद्द झाला, की आठवडा संपला.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगत असते: वेळ कमी असेल तर एक वेळ शर्यत सोडा, पण शुक्रवारचं क्वालिफायिंग बघा. अर्धा तास असतं. त्याआधी सराव जेमतेम पाऊण तासाचा, त्यात नवीन ट्रॅक शिकायचा, गाडी लावून घ्यायची. क्वालिफायिंगमध्ये साधारण दोनदा बाहेर यायचं, दोन्ही वेळा नवे टायर. टायर तापायला एक-दोन लॅप हवेत. फार हळू गेलं तर पुढचे थंड राहतात आणि पहिल्या वळणाला गाडी सरळच जाते. फार जोरात तापवले तर शेवटच्या वळणापर्यंत मागचे दम तोडतात. त्यात पुढच्या गाडीच्या आडोशानं सरळ रस्त्यावर वेग मिळावा, म्हणून प्रत्येकाला कुणाच्या तरी मागे राहायचं असतं. २०१९मध्ये मोंझाला या नादात गाड्या इतक्या रेंगाळल्या की पुष्कळ मुलांना दंड झाला. मोनॅकोच्या अरुंद गल्ल्यांत तर तीस गाड्या एकदम मावतच नाहीत, तिथे दोन गट करतात.

मी टीव्हीसमोर वही घेऊन बसते आणि दोन्ही वेळच्या लॅपच्या वेळा लिहून घेते. पहिल्या प्रयत्नात विसावा असलेला मुलगा दुसऱ्या प्रयत्नात आठवा आला, की त्याच्या नावाखाली रेघ मारते.

२०२५मध्ये गाडी नवीन आली. मग जुन्या मोठ्या संघांचा फायदा संपला का? आम्ही कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट गाडी बनवतो, म्हणून विचारतोय.
– मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचे चौघे, आकुर्डी

पोरांनो, गाडी सगळ्यांना सारखीच मिळते, हे तुम्हाला माहीतच आहे. चॅसी (गाडीचा सांगाडा) डलाराची, इंजिन मेकाक्रोमचं ३.४ लिटरचं व्ही-सिक्स, टर्बो नाही, साधारण ३८० अश्वशक्ती, टायर पिरेलीचे. २०१९पासून २०२४पर्यंत एकच गाडी होती. २०२५मध्ये चॅसी बदलली, चाकं १३ इंचांवरून १६ इंचांवर गेली. म्हणजे संघांकडे सहा मोसमांचा जो डेटा होता, कुठल्या ट्रॅकवर कुठली स्प्रिंग, किती कॅम्बर (चाकाचा कल), तो बराचसा कपाटात गेला.

मी चिंचवडला एका कारखान्यात टेस्टिंगमध्ये नोकरी केली. टायरची साइडवॉल (बाजूची रबरी भिंत) बदलली की सस्पेन्शनची अर्धी गणितं परत मांडावी लागतात, हे तिथे डोळ्यांनी पाहिलंय. साइडवॉल लहान म्हणजे टायर स्वतः कमी दबणार, आणि जे काम आधी रबर गुपचूप करत होतं ते आता डॅम्परला (धक्के शोषणाऱ्या भागाला) करावं लागणार. कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) जाताना गाडी कशी वागते तिकडे लक्ष द्या.

मोठ्या संघांचा फायदा संपेल का? फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला थ्रीच्या वरच्या पायरीवर, २०२४मध्ये नवी गाडी आली तेव्हा काय झालं ते बघा. प्रेमा नावाच्या मातबर संघाला ती चटकन उमगली नाही. त्यांचा किमी अँटोनेली सहावा राहिला, ऑली बेअरमन बारावा. दोघंही २०२५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोचले, म्हणजे मुलांमध्ये खोट नव्हती. फॉर्म्युला थ्रीतही सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्यांत उलटसुलट निकाल लागतील असं मला हंगामाआधी वाटत होतं. मग २०२५मध्ये १६ मे ते १ जून सलग तीन आठवडे इमोला, मोनॅको, बार्सिलोना असा क्रम होता. मोनॅकोच्या भिंतीला गाडी घासली तर ती चार दिवसांत बार्सिलोनाला नीट उभी करायची होती. तिथे मेकॅनिकांची फळी कुणाची चांगली ते कळणार होतं. तुम्ही कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला जाऊन आला असाल, तर रात्री दोनला विशबोन (चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा दांडा) बदलणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको.

नाव विचाराल तर २०२५साठी माझी नजर ट्रायडंट संघाच्या राफाएल कामारावर होती. ब्राझीलचा, फेरारीच्या अकादमीतला, फॉर्म्युला थ्रीच्या खालच्या पायरीचा, म्हणजे युरोपियन फॉर्म्युला रिजनलचा, २०२४चा विजेता. मकाऊची शर्यत जिंकून आलेला प्रेमा संघाचा उगो उगोचुक्वूही होताच. पण अनुभवाचं वजन होतं ते टिम ट्राम्निट्झ, मारी बोया, निकोला त्सोलोव्ह यांच्याकडे.

मुलगा बारा वर्षांचा आहे, कार्टिंग करतो, स्थानिक शर्यतीत दोनदा बक्षीस मिळालं. त्याला फॉर्म्युला थ्रीपर्यंत न्यायचं तर काय करावं? घरचे म्हणतात वेड लागलंय.
– एक आई, पिंपळे सौदागर

ताई, वेड अजिबात लागलेलं नाही. पण पैशाचं आधी बोलूया, कारण ते कुणी उघड बोलत नाही. फॉर्म्युला थ्रीच्या एका हंगामाचा खर्च दहा लाख युरोंच्या आसपास आणि पुढेच सांगितला जातो. प्रायोजक किंवा एखाद्या संघाची अकादमी पाठीशी नसेल तर हा आकडा नोकरदार घराच्या आवाक्यातला नाही. फ्लॅट विकून किंवा गहाण ठेवून या वाटेला जाऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

त्याच्या आधीची वाट मात्र खुली आहे. एफएमएससीआय या भारतातल्या मोटारशर्यतींच्या संघटनेचं लायसन्स काढा, आणि राष्ट्रीय कार्टिंगमध्ये एक पूर्ण मोसम त्याला चालवू द्या. स्थानिक शर्यतीत जिंकणारा मुलगा तिथे कितवा येतो, त्यावरून पुष्कळ समजतं. मग कोइमतूर आणि चेन्नईला एलजीबी फॉर्म्युला फोरच्या गाड्या आहेत, त्या खूपच कमी खर्चात एकट्या सीटच्या गाडीची ओळख करून देतात. २०२३पासून भारताची स्वतःची, एफआयए या जागतिक संघटनेची मान्यता असलेली फॉर्म्युला फोर स्पर्धाही आहे. तिला किमान वय पंधरा. नेमकं दहावीचं वर्ष! तेव्हा शाळेशी आत्ताच बोलून ठेवा. फॉर्म्युला थ्रीला सोळा पूर्ण लागतात.

मुंबईचा जेहान दारूवाला २०१९च्या फॉर्म्युला थ्रीत दोन शर्यती जिंकून तिसरा आला होता. तोही कार्टिंगमधूनच वर आला, आणि फॉर्म्युला वनमधल्या तेव्हाच्या फोर्स इंडिया संघानं २०११मध्ये देशभरातून जी मुलं निवडली त्यांत तो होता. योग्य वयात कुणीतरी हात धरला, हे त्याच्या बाबतीत फार मोलाचं ठरलं.

दोन गोष्टी आजपासून करा. एक, बरगड्यांचं जॅकेट त्याच्या मापाचं घ्या, मोठ्या भावाचं चालवून घेऊ नका. कार्टच्या सीटनं बरगडी दुखावली की मुलं सांगत नाहीत, कारण सांगितलं तर बसू देणार नाहीत ही भीती. रात्री कुशीवर वळताना तो थांबतो का, ते बघत जा. दुसरं, प्रत्येक सेशननंतर टायरचं प्रेशर त्यालाच मोजायला आणि लिहायला लावा. ज्याला हे कंटाळवाणं वाटत नाही त्याला या खेळात जागा आहे, स्टिअरिंगमागे असो की पिटवॉलवर, म्हणजे ट्रॅककडेला बसणाऱ्या संघाच्या माणसांत.

शर्यती आपल्याकडे किती वाजता? आणि कुणी भारतीय आहे का?
– चार-पाच वाचक

फॉर्म्युला थ्रीत २०२५ला आपलं कुणी नव्हतं. फॉर्म्युला टूमध्ये बंगळुरूचा कुश मैनी होता, २०२५ला डॅम्स संघाकडून. २०२४मध्ये हंगेरीतली स्प्रिंट त्याच्या नावावर लागली. मेलबर्नचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, तेव्हा तिथल्या शर्यतींसाठी पहाटेचा गजर लावा. युरोपातल्या फेऱ्यांची रविवारची शर्यत साधारण आपल्या जेवणाच्या वेळेला येते. शुक्रवारचं क्वालिफायिंग ऑफिसच्या वेळेत येतं, पण त्याचं रेकॉर्डिंग शनिवारची शर्यत सुरू व्हायच्या आत बघून घ्या, म्हणजे बाराव्या जागेवरून सुटणारा मुलगा खरं तर पहिला आलेला आहे हे लक्षात राहील.