स्लेड घेताय? पहिला हिवाळा जाऊ द्या

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्सला डिजी-की या इलेक्ट्रॉनिक सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, जानेवारीत येताय आणि आल्या आल्या नवी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी, घ्यायचा विचार आहे. पुण्यात शोरूमवाला आरटीओचं सगळं बघतो तसं इथे असतं का, आणि भाव करता येतो का, हे तुमचे दोन प्रश्न. मी मूळची नागपूरची, मिनेसोटात 11 वर्षं झाली. पहिली स्लेड घेताना थोडी पोळले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. (इथे ‘स्नोमोबाइल’ फारसं कुणी म्हणत नाही. ‘स्लेड’ म्हणा, लोक लगेच गप्पांना बसतात.)

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की कार आणि स्लेड दोन वेगळ्या खात्यांकडे आहेत. कार डीव्हीएसकडे, म्हणजे इथलं आरटीओच. स्लेडची नोंदणी मात्र डीएनआरकडे. आपल्याकडच्या हिशेबाने ते वनखातं. नवी कार विकणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो, कंपनीशी करार लागतो. 1958च्या केंद्रीय कायद्यानुसार नव्या कारच्या काचेवर छापील किमतीचा कागद असतो आणि तो गिऱ्हाइकाशिवाय कुणी काढायचा नाही. एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, तर ‘लेमन लॉ’खाली कंपनीकडून पैसे किंवा दुसरी गाडी मागता येते. रविवारी तर कारविक्रीच बंद, तीही कायद्याने. त्यामुळे रविवारी आवारात फिरून ते किमतीचे कागद निवांत वाचता येतात, मागे सेल्समन नसतो.

स्लेडला यातलं फारसं काही नाही. काचेवरच्या कागदाचा कायदा तिला लागू नाही आणि मिनेसोटाचा लेमन लॉही तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून जाहिरातीतली किंमत ही आपली ‘एक्स-शोरूम’ समजा. तिच्यावर फ्रेट, म्हणजे वाहतुकीचा खर्च चढतो, मग सेटअप. स्लेड खोक्यातून येते, जोडणी दुकानात होते, त्यामुळे सेटअपचे पैसे अगदीच खोटे नाहीत. पण आपल्याकडच्या ‘हँडलिंग चार्जेस’सारखे ते ताणलेले असू शकतात. वर राज्याचा 6.875 टक्के विक्रीकर, काही गावांत स्थानिक करही. डीलरला एकच विचारा, ‘आउट-द-डोअर’ किती? म्हणजे ऑन-रोड. आकडा कागदावर लिहून घ्या आणि तोच कागद घेऊन दुसऱ्या डीलरकडे जा. भाव होतो तो या फ्रेट-सेटअपच्या ओळींत, आणि मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ वितळायला लागल्यावर. जानेवारीत कशाला कोण कमी करेल?

नोंदणीचा अर्ज डीलरच दुकानात भरून घेतो आणि हातात 21 दिवसांची तात्पुरती परवानगी देतो. अर्ज आणि फी त्याने आठवड्यातून एकदा तरी पुढे पाठवायची असते. माझ्या डीलरने माझा अर्ज टेबलाच्या खणात ठेवून दिला. मी बावीस-तेवीस दिवसांनी गोठलेल्या तळ्यावर असताना डीएनआरच्या अधिकाऱ्याने थांबवलं. उणे वीसच्या थंडीत त्याने हातमोजा दाताने ओढून काढला आणि माझी तात्पुरत्या परवानगीची चुरगळलेली चिठ्ठी उजेडात धरून तारीख वाचली. माणूस भला होता, ताकीद देऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः नोंदणीचे अर्ज घेणाऱ्या डेप्युटी रजिस्ट्रारच्या खिडकीवर उभी. तुम्ही दोन आठवड्यांनी डीलरला फोन कराच.

आता तुमच्या गावची गोष्ट. स्लेड बनवणाऱ्या आर्क्टिक कॅटचा कारखाना थीफ रिव्हर फॉल्सचाच, त्यामुळे ऑफिसात जो तो तीच घ्या म्हणेल. तिची स्पर्धक पोलॅरिस उत्तरेला रोझो गावची, 1954पासून. या दोन गावांतली चढाओढ म्हणजे आपल्याकडच्या मिसळीच्या भांडणासारखी, मध्ये पडू नका. पण 2017मध्ये टेक्सट्रॉन या कंपनीने आर्क्टिक कॅट विकत घेतली, डिसेंबर 2024मध्ये उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि 2025मध्ये कंपनी पुन्हा विकली गेली. यामाहाने तर 2025च्या मॉडेलनंतर उत्तर अमेरिकेतला स्लेडचा धंदाच बंद केला. म्हणून डीलर कुठल्याही कंपनीचा असो, वॉरंटीचं काम आणि सुटे भाग त्याच्याकडेच मिळतील का, हे स्पष्ट विचारा. दोन तास लांबचा स्वस्त डीलर दुरुस्तीला महाग पडतो.

वसंतात कंपन्या पुढच्या मोसमाची मागणी घेतात. डिपॉझिट भरून रंग, ट्रॅक (खालचा फिरता पट्टा), इंजिन निवडायचं आणि स्लेड येणार हिवाळ्याआधी. डिपॉझिट परत मिळतं की नाही, हे सही करण्याआधी वाचा. ‘अमेरिकेत तीन दिवसांत वस्तू परत करता येते’ असं कुणी सांगेल. दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला तो नियम लागत नाही.

आणि 31 डिसेंबर 1976नंतर जन्मलेल्याला मिनेसोटात स्लेड चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. डीलर तुम्हाला स्लेड विकताना ते मागेलच असं नाही, ट्रेलवरचा, म्हणजे स्लेडच्या वाटेवरचा, अधिकारी मागतो. मोठ्यांना कोर्स ऑनलाइन करता येतो. जानेवारी-फेब्रुवारीत तो उरका, एखाद्या सहकाऱ्याची स्लेड मागून दोन रविवार चालवून बघा, बायकोलाही मागे बसवून बघा. मग मार्चमध्ये डीलरकडे जा.