शाळेत स्पॅनिश, दारात इंग्रजी. मग मराठी कुणाकडं?

“मॅडम, पोरगी आधीच उशिरा बोलायला लागली. आता ही दोघं तिला स्पॅनिशच्या शाळेत घालायची म्हणतात. घरात मराठी, दारात इंग्रजी आणि शाळेत तिसरंच काहीतरी. एवढ्याशा जिवाचा गोंधळ नाही का व्हायचा?”

सांगलीच्या विश्रामबागमधल्या एका आज्जींनी खुर्चीत बसता बसताच विचारलं. मुलगा अनिकेत आणि सून केतकी अमेरिकेत, युटा राज्यात असतात. डिसेंबरात सुट्टी काढून सांगलीला आले होते, सोबत पाच वर्षांची ईरा. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) भाषेचे प्रश्न माझ्याकडं वर्षभर येतात, पण ते बहुतेक ‘सेमी की फुल इंग्लिश’ एवढ्यापुरते. हा जरा निराळा होता म्हणून सविस्तर लिहितेय. यातलं बरंचसं सेमी-फुलवाल्यांच्याही कामाचं आहे.

आधी ही शाळा काय प्रकार आहे ते सांगते. तिकडं त्याला ‘ड्युअल लँग्वेज इमर्शन’ म्हणतात. यात स्पॅनिश हा एक विषय नसतो, बाकीचे विषयच स्पॅनिशमधून शिकवतात. युटानं २००८ साली कायदा करून हे सरकारी शाळांत आणलं. दिवस अर्धा-अर्धा वाटलेला, शिक्षिका दोन. एकीच्या वर्गात फक्त इंग्रजी, दुसरीच्या वर्गात फक्त ती दुसरी भाषा. कुठल्या शाळेत स्पॅनिश, कुठं चिनी, कुठं फ्रेंच किंवा पोर्तुगीज. पहिलीच्या पोरांना सुरुवातीचे काही महिने इंग्रजीतून उत्तर दिलेलं चालतं, बाई मात्र आपली भाषा सोडत नाहीत. लहान इयत्तांचं गणितही त्या दुसऱ्या भाषेतून. इतर राज्यांत नव्वद-दहाची पद्धतही आहे, म्हणजे सुरुवातीला जवळजवळ सगळा दिवस नवी भाषा आणि वरच्या इयत्तांत इंग्रजी वाढवत निम्म्यावर आणायची. जागा मोजक्या असतात, त्यामुळं बऱ्याच ठिकाणी सोडत निघते. ईराचा पुढच्या वर्षीच्या पहिलीसाठी अर्ज भरायचा होता आणि घरात एकमत होत नव्हतं.

अनिकेतला गणिताची धास्ती होती. “बेरीज-वजाबाकी स्पॅनिशमधून शिकली तर तिचा पायाच कच्चा राहील. आणि मला स्पॅनिशचा गंध नाही, गृहपाठ कोण घेणार?” केतकीला इंग्रजीची काळजी. वर्गातली बाकीची मुलं पुढं जातील, हिचं वाचन मागं पडेल. आज्जींची काळजी वर दिलीच आहे, पण ती त्यांची खरी काळजी नव्हती, हे नंतर कळलं.

गणिताचं आणि इंग्रजीचं उत्तर त्या मानानं सोपं आहे, कारण हा प्रयोग जुना आहे. १९६५ साली कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये काही इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्टानं बालवाडीपासून फ्रेंच माध्यमाचा वर्ग सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा काही वर्षं पाठपुरावा केला. प्राथमिक शाळा संपेपर्यंत त्यांचं इंग्रजी बरोबरीच्या मुलांइतकंच होतं आणि फ्रेंचमधून शिकूनही गणित मागं नव्हतं. दोन गोष्टी मात्र कौतुक करणारे सांगत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं इंग्रजी वाचन आणि स्पेलिंग खरोखरच मागं राहिलं होतं, आणि त्यांचं फ्रेंच चांगलं झालं तरी जन्मापासून फ्रेंच बोलणाऱ्यांसारखं झालं नाही.

मी अनिकेतला सांगितलं, की पहिलीत-दुसरीत ईराचं इंग्रजी वाचन शेजारच्या पोरापेक्षा कमी दिसू शकेल. ते बघून घाबरून नाव काढायचं असेल तर अर्जच भरू नका. या पद्धतीत तोटा आधी दिसतो, फायदा चौथी-पाचवीत. मध्येच शाळा बदलली तर तोटा तेवढा पदरात पडतो. तुमची नोकरी व्हिसावरची, उद्या दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर तिथल्या शाळेत स्पॅनिश असेल का, हा प्रश्न मला गणितापेक्षा मोठा वाटतो. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. गृहपाठाचं विचाराल तर संध्याकाळी तिलाच म्हणा, आज बाईंनी काय शिकवलं ते मला मराठीत समजावून सांग. एका भाषेत समजलेली बेरीज दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावी लागत नाही, शब्द तेवढे नवे लागतात. जिम कमिन्स या अभ्यासकानं हे १९७९ च्या सुमारास मांडलं आणि तेव्हापासून दुभाषी शिक्षणाचा बराचसा डोलारा त्यावर उभा आहे.

“पण मॅडम, मराठीत ती सांगणार नाही,” केतकी हळूच म्हणाली.

तोवर ईरा कोपऱ्यातल्या खेळण्यांत रमली होती. मी आज्जींना म्हटलं, तिच्याजवळ जाऊन बसा आणि नेहमीसारखं बोला. आज्जी सतरंजीवर बसल्या. “ईरा, त्या डब्याचं झाकण काढ, आतली लाल वाटी मला दे गं.” पोरीनं झाकण काढलं, हिरवी वाटी बाजूला सारली, लाल आज्जींच्या हातात ठेवली. “हिअर, आज्जी. डोन्ट स्पिल.” आज्जी म्हणाल्या, “यात काय आहे?” “सूप.” “कशाचं?” “टोमॅटोज, ऑब्व्हियसली.” मराठीतला एकही प्रश्न तिला अडला नाही आणि उत्तर एकदाही मराठीत आलं नाही. मग लाकडी खलबत्ता तिच्या पायावर पडला आणि ती ओरडली, “आई गं!”

केतकीच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच गेलंही.

मग मागचं सगळं निघालं. ईरा अडीच वर्षांची होईतो मोजकेच शब्द बोलायची. तिकडच्या पाळणाघरातल्या कुणीतरी सुचवलं, दोन भाषांमुळं होतंय, घरात एकच ठेवा. दोघांनी घाबरून घरात इंग्रजी सुरू केलं. तीन वर्षांची झाली आणि पोरगी धडाधडा बोलायला लागली. साहजिकच श्रेय त्या निर्णयाला गेलं.

हा सल्ला सांगलीतही सर्रास दिला जातो, शिकलेली माणसंही देतात, म्हणून स्पष्टच लिहिते. घरात दोन भाषा असल्यामुळं मूल उशिरा बोलत नाही. बोलण्यात खरोखर अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते आणि एक भाषा काढून घेतल्यानं बरी होत नाही. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. ‘पाणी’ आणि ‘मिल्क’ म्हणणाऱ्या मुलाला दोन शब्द येतात, एक नाही. ‘मला स्लाइडवर चढायचंय’ हा गोंधळ नव्हे. आपण रिक्षावाल्याला ‘पुढनं लेफ्ट घ्या’ म्हणतोच की. मात्र दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, साधी सूचना समजत नसेल, तर वाट बघू नका. आधी कान तपासा, मग वाचा-उपचार तज्ज्ञांकडं जा. ईराचे कान तिकडं तपासून झाले होते, ठणठणीत होते.

आज्जी अजून सतरंजीवरच होत्या. ईरा ठोकळ्यांचा मनोरा रचत होती आणि त्या तोंडातल्या तोंडात मोजत होत्या, “ओंदु, एरडु, मूरु, नालकु…”

“आई, तुम्ही कन्नडमध्ये मोजता?” लग्नाला इतकी वर्षं झालेल्या सुनेला हे नवीन होतं.

“मग? माहेरी सगळं कानडीच. शाळा तेवढी मराठी. मोजायचं म्हटलं की अजून तेच येतं तोंडात.” आज्जींचं माहेर जत तालुक्यातलं. तिकडं आजही जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत.

अनिकेतनं ती संधी साधली. “बघ आई, तुझा झाला का गोंधळ?”

“आमचं निराळं होतं,” आज्जी फटकन म्हणाल्या. “बाजारात गेलं की कानडी, तलाठ्याकडं गेलं की मराठी. दोन्हींवाचून चालायचंच नाही. हिला माझ्या मराठीवाचून काय अडणार आहे? मी फोन केला की ‘हाय आज्जी’ म्हणते आणि आईकडं फोन देते.”

त्यांची खरी काळजी ती ही. आणि त्यांचा मुद्दा अनिकेतच्या मुद्द्यापेक्षा मला जास्त बिनचूक वाटला. जतच्या पोराला दोन्ही भाषा गावच शिकवतं. विटा-खानापूरकडची गलाई (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं) करणारी कुटुंबं सोन्या-चांदीच्या धंद्यापायी पिढ्यानपिढ्या दक्षिणेत आणि देशभर पसरली आहेत. त्यांची मुलं परगावच्या शाळेत तमिळ किंवा मल्याळम शिकतात आणि जत्रेला गावी आली की आज्ज्याशी मराठीत वाद घालतात, कारण तिकडंही भाऊबंद जवळपास असतात आणि घरात मराठीच चालते. युटातल्या त्या गल्लीत मराठीचा बाजार नाही, तलाठी नाही, भाऊबंदही नाहीत.

इमर्शन शाळांचे अभ्यास वाचतानाही हे ध्यानात ठेवावं लागतं. सेंट लँबर्टच्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. तिला कुठल्या शाळेनं धक्का लागणार नव्हता. १९६३ मध्ये मायामीच्या कोरल वे शाळेत क्यूबातून आलेल्या निर्वासितांची मुलं आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकत्र बसवली, तिथं स्पॅनिशवाल्या मुलांच्या घरच्या भाषेला शाळेतच जागा मिळाली. ईरा या दोन्हींत बसत नाही. तिच्या शाळेच्या दोन्ही अर्ध्या दिवसांत मराठी नाही, आणि साध्या इंग्रजी शाळेत घातलं तरी ती नसेलच. शाळा स्पॅनिशचं बघेल, अख्खा देश इंग्रजीचं बघेल. मराठीचं बघणारं एकच घर आहे आणि ते घर दोन-अडीच वर्षं इंग्रजी बोलतंय. असं मी त्यांना जवळपास याच शब्दांत सांगितलं. जरा कडक वाटलं असेल.

त्यानंतरचं बोलणं शाळेबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त झालं. दोघांनी आजपासून तिच्याशी मराठीतच बोलायचं. ती इंग्रजीत उत्तर देईल, देऊ दे. “मराठीत बोल” असा दम भरायचा नाही, तिचंच वाक्य मराठीत म्हणून पुढं जायचं. “इट्स टू हॉट,” “गरम आहे होय? थांब, फुंकर मारते.” समजतंय सगळं, तोंडाची सवय मोडली आहे, ती हळूहळू येईल. जवळपास बृहन्महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा असेल तर तिथं न्या, शिकण्यापेक्षा मराठी बोलणारी बरोबरीची पोरं दिसावीत म्हणून. देवनागरीची घाई नको. एका वर्षात इंग्रजी आणि स्पॅनिश वाचन सुरू होत असताना तिसरी लिपी मी तरी लादणार नाही. काही सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे.

आज्जींना म्हटलं, फोनवर तुम्ही काय विचारता? “जेवलीस का, काय जेवलीस, शाळेत गेलीस का.” म्हणजे उलटतपासणी. आज्जींना हा शब्द लागला, पण त्या ऐकत होत्या. फोन ओट्याला टेकवून ठेवा, थालीपीठ थापा, तिला म्हणा तूही पिठाचा गोळा घेऊन बस. गोष्ट सांगा आणि अर्ध्यावर थांबा. उरलेली उद्या.

पुढचं थोडक्यात. अर्ज भरला, सोडतीत नंबर लागला नाही, प्रतीक्षा यादीत नाव राहिलं. ईरा नेहमीच्या इंग्रजी शाळेत पहिलीला गेली. घरातली मराठी त्यांनी सोडली नाही. केतकीचा अधूनमधून मेसेज येतो. मुलगी अजून निम्मं इंग्रजीच बोलते, पण आज्जीशी भांडताना मराठीवर येते म्हणे.

आता सेमी-फुलवाल्यांसाठी. आपल्याकडं पालक विचारतात, अमेरिकेत पोरं परक्या भाषेतून शिकतात तर आमच्या पोरानं सगळं इंग्रजीतून शिकलं तर काय बिघडलं? इमर्शनच्या शिक्षिका त्या भाषेत पक्क्या असतात. हातवारे, चित्रं, वस्तू वापरून शिकवायचं प्रशिक्षण त्यांना असतं आणि बहुतेक मुलांची घरची भाषाही शाळेत शिकवली जाते. गल्लीबोळातल्या कितीतरी इंग्रजी शाळांत यातलं काहीच नसतं. सेमीत गणित-विज्ञानाचं पुस्तक इंग्रजी असलं तरी समजावणं मराठीतून होतं, म्हणून तो मार्ग बहुतेक घरांना झेपतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं. तरी इंग्रजी शाळाच हवी असेल तर प्रवेशाआधी वर्गाबाहेर अर्धा तास उभे राहा. मुलाला गणित अडलं की बाई कुठल्या भाषेत समजावतात आणि मूल प्रश्न विचारतं की नुसतं फळ्यावरचं उतरवून घेतं, ते बघा. फी भरायची ती त्यानंतर.